लाल टिंब लावू की नको

आधीच सांगून टाकतो, मला रेड डॉट, म्हणजे काचेत लाल टिंब दाखवणारी नेमाची साईट, नको होता. सोळा वर्षं आयर्न साईटवर, म्हणजे पिस्तुलावरची मागची खाच आणि पुढचं पातं जुळवून, शूट केलंय आणि पिस्तुलाच्या डोक्यावर काचेची खिडकी बसवून येणाऱ्या लोकांकडे मी ज्या नजरेने बघायचो ती नजर काही फार चांगली नव्हती. नेम लागत नाही म्हणून टिंब लावतात, असं एकदा शूटिंग रेंजवर लायनीच्या मागे बसून बोललोय सुद्धा, आणि ते ज्याच्याबद्दल बोललो त्याच्यापर्यंत पोचलंय पण. त्याच मित्राचं पिस्तूल पुढे उसनं मागायची वेळ आली. असो.

झालं असं की वयाच्या ४६ व्या वर्षी मला चाळिशी लागली. सहा वर्षं उशिरा लागली म्हणून थोडे दिवस मिरवलो पण. मग एकदा लायनीवर उभा राहिलो, हात सरळ केला आणि बघतो तर फ्रंट साईटला, म्हणजे त्या पुढच्या पात्याला, केस फुटलेले. कडा अशी नाहीच, नुसता एक धुरकट काळा ठोकळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ज्या दोन उभ्या फटी आपण आयुष्यभर सारख्या करत बसतो त्यातली डावी मोठी की उजवी मोठी हेच कळेना. पुसून बघितलं. डोळे पण आणि साईट पण.

आयर्न साईटची गोम अशी आहे की डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट फोकस करू शकतो आणि इथे तर तीन गोष्टी ओळीत लावायच्या असतात, मागची खाच, पुढचं पातं आणि लांबचं टार्गेट. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे ओरडत असतात की फ्रंट साईट बघ, फ्रंट साईट बघ, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. कारण साधं गणित आहे. दोन साईटमधलं अंतर १६० मिमी धरा, त्यात पुढचं पातं खाचेत एक मिलिमीटर सरकलं तर २५ मीटरवर गोळी साधारण साडेपंधरा सेंटीमीटर लांब जाते. एका मिलिमीटरला साडेपंधरा सेंटीमीटर! आता ते पातंच धूसर दिसत असेल तर मिलिमीटर कुठला मोजणार, तुम्ही अंदाजपंचे दाहोदरसे मारताय.

मी काय केलं, तर प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून शूट करायला लागलो. ज्यांच्याकडे हा चष्मा आहे त्यांना कळलं असेल की काय झालं असेल. वरच्या भागातून लांबचं दिसतं आणि जवळचं दिसायला खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणजे फ्रंट साईट दिसावी म्हणून हनुवटी वर करायची, कोंबडी पाणी पिऊन मान वर करते तशी. दोन आठवडे मी असा उभा राहून शूट करत होतो आणि कोणी काही बोललं नाही, मागून व्हिडिओ काढला फक्त. मान धरली, स्कोअर पडला, आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, वर-खाली ताणला गेला कारण प्रत्येक वेळी हनुवटी वेगळ्या उंचीवर.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून फक्त शूटिंगसाठी वेगळा चष्मा केला, उजव्या डोळ्याच्या लांबच्या नंबरात पाऊण नंबर प्लसमध्ये वाढवून. हा प्रकार मात्र खरंच चालला. फ्रंट साईट परत ब्लेडने कापल्यासारखी दिसली, टार्गेट जरा ढगाळ पण चालतंय. त्यामुळे ज्यांना वाटतं की चाळिशी लागली म्हणजे रेड डॉटशिवाय पर्यायच नाही, त्यांनी आधी एवढं करून बघा, बराच स्वस्तातला उपाय आहे. माझं काम त्यावरच भागलं असतं, जर मी फक्त उभं राहून निवांत प्रिसिजन, म्हणजे एकाच टार्गेटवर अचूक नेमाचं, मारत असतो तर. पण मला पळापळीच्या मॅचेस पण आवडतात, जिथे एक टार्गेट पाच मीटरवर, पुढचं वीस मीटरवर आणि मध्ये तुम्ही चालताय, आणि तो चष्मा घालून चालायला लागलं की जमीन अर्धा फूट वर आल्यासारखी वाटते.

तर असं करत करत मी त्या मित्रासमोर जाऊन उभा राहिलो. तो काही बोलला नाही, पिस्तूल रिकामं दाखवून हातात दिलं फक्त, पण हसला.

हात सरळ केले. टिंब नाही. म्हटलं बंद असेल, बटण दाबलं, चालूच होतं. परत खाली घेतलं, परत वर. खिडकीत फक्त टार्गेट दिसतंय स्वच्छ, लाल काहीच नाही. मग मी मनगट हलवायला लागलो, मान तिरकी केली, पिस्तूल असं गोल गोल फिरवलं, जसं कोणी कीहोलमध्ये चावी शोधतं अंधारात, आणि चार-पाच सेकंदांनी ते टिंब वरच्या कडेवरून घसरत आत आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मित्र म्हणाला, "अरे तू टिंब शोधतोयस. टिंब नको शोधूस, टार्गेटकडे बघ, ते येतं." नाही आलं. त्या दिवशी तरी नाही आलं.

नंतर घरी विचार केला तेव्हा कळलं की हे का होतं. आयर्न साईटवर तुमचं पिस्तूल जरा वर नाक करून आलं तरी फ्रंट साईट तुम्हाला दिसत असते, ती खाचेच्या वर डोकं काढून उभी असते आणि तुम्ही नकळत तिला खाली दाबता. सोळा वर्षं मी ते इतकं पटकन करत होतो की मला वाटायचं माझा ड्रॉ, म्हणजे पिस्तूल वर आणून नेमाला लावणं, बरोबर आहे. तो बरोबर नव्हताच, प्रत्येक वेळी नाक वर येत होतं आणि शेवटच्या क्षणी मी दुरुस्त करत होतो. रेड डॉट ही सवलत देत नाही. खिडकीच्या बाहेर गेलं की गेलं, कुठे गेलं ते पण सांगत नाही. म्हणजे चूक आधीचीच, फक्त आता झाकायला फ्रंट साईट नाही.

दुसरा धक्का संथ मारताना बसला. २५ मीटर, पाच गोळ्या, घाई नाही. टिंब सापडलं एकदाचं आणि बघतो तर ते टार्गेटवर नाचतंय. म्हणजे थरथर नाही, नाच. आठ आणि नऊच्या गोलात इकडून तिकडे. माझा हात एवढा हलतो? हो, एवढाच हलत होता, इतकी वर्षं हलत होता, फक्त आयर्न साईटमध्ये तो हलताना एवढा स्पष्ट दिसत नव्हता. आणि एकदा ते दिसलं की माणूस जे करायचं नाही तेच करतो, टिंब दहाच्या गोलावरून जात असताना "आत्ता!" म्हणून ट्रिगर ओढतो. पाचातल्या तीन गोळ्या खाली डावीकडे. उजव्या हाताने शूट करणाऱ्याने ट्रिगर झटकला की जिथे जातात तिथेच, नवशिक्यासारख्या. आमचे सर सुरुवातीला एकच वाक्य सांगायचे, "हलतंय ना, हलू दे, तू दाबत राहा," आणि ते मला सोळा वर्षांनी परत पहिल्यापासून शिकावं लागलं.

इथे जरा थांबून ही वस्तू चालते कशी ते सांगतो, कारण अजून खूप लोकांना वाटतं की हा लेझर आहे आणि समोर टार्गेटवर लाल ठिपका पडतो. बाहेर काहीच पडत नाही. आत एक छोटा एलईडी असतो, तो काचेवर मागून प्रकाश टाकतो, काच किंचित वक्र असते आणि तिच्यावर असा थर असतो की लाल प्रकाश तेवढा परत डोळ्याकडे फिरतो आणि बाकीचं दृश्य आरपार दिसतं. फिरलेले किरण समांतर असतात म्हणून डोळ्याला ते टिंब काचेवर नाही तर लांब टार्गेटपाशी असल्यासारखं दिसतं. सगळी जादू एवढीच. कल्पना पण जुनी आहे, आयर्लंडमधल्या हॉवर्ड ग्रब नावाच्या दुर्बिणी बनवणाऱ्या माणसाने १९०० साली तिचं पेटंट घेतलं, एलईडीवाली साईट १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने आणली. पिस्तुलाच्या स्लाईडवर, म्हणजे गोळी सुटली की मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, टिकेल एवढी छोटी आणि दणकट व्हायला मात्र बरीच वर्षं गेली, ट्रिजिकॉन कंपनीची आरएमआर ही छोटी साईट २००९ ची आणि पिस्तुलं बनवणाऱ्या ग्लॉकने साईट बसवायला कारखान्यातूनच कापलेल्या स्लाईडची एमओएस मालिका काढली ती २०१५ मध्ये. कारण स्लाईडवर बसलेली साईट प्रत्येक गोळीला मागे जाऊन आपटते आणि पुढे येऊन आपटते, काचेला आणि सोल्डरला ते सोसायचं म्हणजे चेष्टा नाही.

आणि यातला माझ्या कामाचा मुद्दा काय, तर टिंब लांबच्या अंतरावर दिसतं म्हणजे डोळा टार्गेटवरच फोकस राहतो. जवळचं काही बघायचंच नाही. माझा साधा चष्मा, वरचा लांबचा भाग, मान सरळ. कोंबडी बंद.

पण एवढं सरळ असतं तर आठ महिने कशाला लागले असते. मित्राच्या पिस्तुलावर मला टिंब गोल दिसतच नव्हतं, स्वल्पविराम दिसत होता. शेपूट असलेला, खाली उजवीकडे. मला वाटलं साईट खराब आहे, त्याला सांगणार होतो, मग त्यानेच सांगितलं की मोबाईलने खिडकीतून फोटो काढ. काढला. फोटोत व्यवस्थित गोल टिंब. म्हणजे खराबी माझ्या डोळ्यात. अजून एक सोपी परीक्षा आहे, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, सुरक्षित दिशेला धरून साईटमधून बघत पिस्तूल हळूच आडवं करायचं, शेपूट साईटबरोबर फिरली तर दोष साईटचा आणि होती तिथेच राहिली तर तुमच्या डोळ्याचा. याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात, चष्म्याच्या कागदावर सिलिंडर म्हणून जो आकडा असतो तो. माझा तो आकडा जुना झाला होता, नवीन काच बसवली आणि शेपूट जवळजवळ गेली. उरलेली ब्राईटनेस दोन पायऱ्या खाली घेतल्यावर गेली. बहुतेक लोक टिंब गरजेपेक्षा जास्त भगभगीत ठेवतात आणि मग म्हणतात की पसरट दिसतं, अरे बल्बकडे बघताय तुम्ही. ज्यांचं एवढं करूनही जमत नाही त्यांनी हिरवं टिंब बघावं, काहींना ते स्वच्छ दिसतं, काहींना काही फरक पडत नाही, विकत घ्यायच्या आधी डोळा लावून बघणं एवढाच उपाय.

टिंबाचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात, १ एमओए म्हणजे २५ मीटरवर साधारण ७ मिमी. तर ३ एमओएचं टिंब तिथे २२ मिमी झाकतं आणि ६ एमओएचं जवळपास ४४. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिमीचा असतो, म्हणजे मोठं टिंब जवळजवळ अख्खा दहा गिळून टाकतं. मोठं टिंब पटकन सापडतं हे खरं, पण मला वाटतं सापडणं हा टिंबाच्या आकाराचा प्रश्न नसून हाताचा आहे, म्हणून मी तीनच्या आसपासचं घेतलं. यावर भांडायला खूप जण तयार असतात, भांडा.

बसवण्याबद्दल मात्र सविस्तर बोलतो कारण तिथे मी आपटलोय. साईटच्या बुडाला स्क्रूची भोकं आणि खुंट्यांच्या जागा असतात, त्याला फूटप्रिंट म्हणतात, आणि सगळ्या कंपन्यांनी मिळून एक ठेवावं एवढी साधी अक्कल कोणाला सुचलेली नाही. मग स्लाईड आणि साईट यांच्यामध्ये प्लेट येते. म्हणजे स्लाईडला प्लेट दोन स्क्रूंनी आणि प्लेटला साईट अजून दोन स्क्रूंनी, चार ठिकाणं ढिली व्हायला. मी मोठ्या उत्साहाने घरीच बसवलं, चांगलं घट्ट केलं, झिरो केलं, म्हणजे टिंब तिथे गोळी असं जुळवून घेतलं, तीन आठवडे छान गेले. चौथ्या आठवड्यात ग्रुप डावीकडे सरकला. ग्रुप लहानच होता, फक्त दहा-बारा सेंटीमीटर डावीकडे. मला वाटलं माझं ट्रिगरवरचं बोट, कारण माझा स्वतःवर विश्वास फार कमी आहे, दोन संध्याकाळी बोटाची जागा बदलत बसलो. मग स्लाईड पुसताना अंगठ्याला काहीतरी जाणवलं. साईट धरून हलवली तर हलली. अगदी कागदाच्या जाडीएवढी, पण टिक असा आवाज आला.

उघडून बघितलं तर वरचे स्क्रू पक्के, खालचे प्लेटचे ढिले. स्क्रूच्या आट्यांना तेल होतं, मी पुसलंच नव्हतं, त्यावर थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचा, निळा थेंब टाकलेला, तो धरेल कसा. आता सगळे आटे स्पिरिटने पुसून, सुकवून, मग थेंब, मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, टॉर्क रेंचने, आणि रात्रभर हात लावायचा नाही. वरून स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक सरळ पांढरी रेघ पेनाने मारायची, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. अजून एक, बॉक्समधल्या चार प्रकारच्या स्क्रूंमधला लांबीला बरोबर तोच वापरा. जास्त लांब स्क्रू काही पिस्तुलांत आत जाऊन एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, भागांवर दाबतो आणि मग रिकामी केस नीट बाहेर पडत नाही, आणि माणूस ॲम्युनिशनला शिव्या घालत बसतो.

बाकीच्या कटकटी छोट्या आहेत. उघड्या एमिटरच्या साईटमध्ये एलईडी मोकळ्यावर असतो, पावसाचा एक थेंब त्याच्यावर बसला की टिंबाची फुलबाजी होते, बंद एमिटरवाल्यात हा त्रास नाही पण डबा मोठा आणि जड. ऑटो ब्राईटनेस मला आवडली नाही, आपण सावलीत उभे आणि टार्गेट उन्हात असलं की साईट बिचारी सावली बघून टिंब मंद करते आणि ते उन्हात दिसेनासं होतं. बॅटरी बऱ्याच दिवस चालते, काही कंपन्या मधल्या ब्राईटनेसला ५०,००० तास लिहितात म्हणजे पाच वर्षांच्या वर, पण मी वाढदिवसाला बदलतो, लक्षात राहतं. घेताना एवढं नक्की बघा की बॅटरी वरून किंवा बाजूने बदलता येते का, नाहीतर दर वेळी साईट काढा, परत बसवा, परत झिरो तपासा.

नियमांचं पण बघायला हवं, हे खरं तर पहिलं बघायचं असतं, मी शेवटी बघितलं. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल इव्हेंट्समध्ये फक्त उघड्या साईट चालतात, १० मीटर एअर पिस्तूल असो की २५ मीटर, टिंबबिंब काही नाही. पळापळीच्या मॅचेस घेणाऱ्या आयपीएससी संघटनेत ऑप्टिक्ससाठी, म्हणजे टिंबवाल्या साईटसाठी, वेगळ्या डिव्हिजन आहेत, तिच्या अमेरिकेतल्या शाखेने, यूएसपीएसएने, २०१६ पासून कॅरी ऑप्टिक्स नावाची डिव्हिजन सुरू केली आणि आता तिथे ती फार लोकप्रिय डिव्हिजन आहे. म्हणजे तुम्ही जे खेळता तिथे टिंब चालतच नसेल तर वरचं सगळं वाचून करमणूक झाली असं समजा.

सराव म्हणाल तर मी दीड महिना रोज रात्री दहा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने सराव, केलं. गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्याने आणि बोटाने बघायचं, मग सुरू. भिंतीवर छोटा गोल चिकटवलेला, त्याच्याकडे बघायचं, डोळे मिटायचे, पिस्तूल वर आणायचं, डोळे उघडायचे. टिंब दिसलं तर ठीक, नसेल तर ग्रिप बदलायची, पिस्तूल हलवून शोधायचं नाही. मला डाव्या हाताची करंगळी घट्ट करून मनगट थोडं पुढे ढकलल्यावर फरक पडला. दुसरं म्हणजे साईटच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून काच झाकायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून शूट करायचं. विचित्र वाटतं पण चालतं, एक डोळा टिंब बघतो, दुसरा टार्गेट, मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. टिंबाकडे टक लावायची माझी खोड यानेच मोडली, कारण टिंबाकडे बघितलं की टार्गेट गायबच होतं, समोर नुसती पट्टी. आणि टिंब खिडकीच्या अगदी मधोमध आणायची गरज नाही, कोपऱ्यात असलं तरी गोळी जवळपास तिथेच जाते, हे कळायला मला फार वेळ लागला. फक्त अगदी जवळच्या टार्गेटला, तीन-चार मीटरवर, गोळी टिंबाच्या दोन-अडीच सेंटीमीटर खाली लागते कारण साईट नळीच्या वर बसलेली असते, छोट्या टार्गेटला तेवढं वर धरा.

तर शेवटी काय ठरलं. पळापळीच्या मॅचच्या पिस्तुलावर टिंब, कायमचं. प्रिसिजनच्या पिस्तुलावर आयर्न साईट आणि तो पाऊण नंबरवाला चष्मा. दोन्ही ठेवणं म्हणजे दोन डगरींवर पाय असं एक जण म्हणाला, असेल, पण मजेची गोष्ट अशी की आयर्नचा स्कोअर पण थोडा वाढला, कारण आता मला माहितीये की हात किती हलतो आणि मी त्याच्याशी भांडत नाही. नवीन शिकणाऱ्याने काय करावं असं कोणी विचारलं तर पूर्वी मी डोळे मिटून म्हटलं असतं की आधी आयर्न. आता तसं म्हणणार नाही. नवीन पोरं टिंबावर माझ्यापेक्षा लवकर शिकताना मी बघितलीयेत, त्यांना मोडायला जुनी सवयच नसते. ज्याचे डोळे चांगले आहेत, आयर्नवर समाधानी आहे आणि रोज दहा मिनिटं काढणं जमणार नाही, त्याने मात्र उगाच लावू नये, तो दोन महिने आधीपेक्षा वाईट मारेल आणि मग साईट विकायला काढेल.

मित्राची माफी मागितली, मागायला हवीच होती. तो म्हणाला, नुसत्या डाव्या हाताने करून बघितलंस का? केलं. काल दहा वेळा पिस्तूल वर आणलं, चार वेळा टिंब दिसलं.